निळ्या टोपीच्या ट्यूबा आणि आमचं नवं मशीन: चौदा महिन्यांचा अनुभव

नाशिकमधल्या एका खासगी लॅबमध्ये मी 22 वर्षं टेक्निशियन आहे, त्यातली 15 कोॲग्युलेशनच्या, म्हणजे रक्त गोठण्याच्या तपासण्यांच्या बेंचवर. शहरातल्या हॉस्पिटलांबरोबर मालेगाव, चांदवड, निफाड, सिन्नर, दिंडोरी इथल्या कलेक्शन सेंटरवरूनही आमच्याकडे सँपलं येतात. निळ्या टोपीच्या सायट्रेट ट्यूबा (सायट्रेट म्हणजे ट्यूबमध्ये रक्त गोठू न देणारं रसायन) रोज दीडशेच्या आसपास, सोमवारी दोनशेच्या वर. चौदा महिन्यांपूर्वी लॅबने या ट्यूबांसाठी प्लाझ्मा (पेशी वेगळ्या केल्यावर उरणारा रक्तातला द्रव) तयार करून देणारं ऑटोमॅटिक युनिट घेतलं. ट्यूब आत ठेवली की ते बारकोड वाचतं, ट्यूब किती भरली आहे हे कॅमेऱ्याने बघतं, फिरवतं, टोपी काढतं, वरचा प्लाझ्मा उचलून छोट्या ट्यूबमध्ये घालतं, तिच्यावर लेबल लावतं आणि टेस्ट करणाऱ्या ॲनालायझरच्या रॅकमध्ये उभी करून देतं. पुढे तक्रारी बऱ्याच आहेत, म्हणून कंपनीचं नाव लिहीत नाही. असं युनिट घ्यायच्या विचारात असणाऱ्यांनी आमच्या चुकांमधून शिकावं, एवढ्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

हाताने हे काम कसं चालायचं ते आधी सांगते. सेंट्रिफ्यूज थांबलं की ट्यूब उचलायची ती सरळच. खाली लाल पेशी, त्यांच्यावर पांढुरक्या सायीसारखा पातळ थर, तो बफी कोट, आणि वर पिवळसर प्लाझ्मा. हात जरा हलला की साय ढवळते आणि प्लेटलेट (रक्त गोठायला मदत करणाऱ्या बारीक पेशी) वर येतात. प्लास्टिकच्या पिपेटचं टोक ट्यूबच्या भिंतीला न लावता प्लाझ्मात उतरवायचं, अंगठा हळूहळू सोडायचा आणि सायीच्या वर तीनेक मिलिमीटर प्लाझ्मा तसाच सोडून द्यायचा. थेंबभर जास्त मिळावा म्हणून खाली गेलात की संपलं. सकाळी दहा ट्यूबा असतील तर हे कुणीही नीट करेल. रात्री साडेअकराला ऐंशीवी ट्यूब हातात असते तेव्हा अंगठा ऐकत नाही, आणि नव्या मुलांना तर सायीच्या वर किती सोडायचं हेच नजरेला कळायला वर्ष जातं.

प्लेटलेटचं एवढं काय, असं मला नवीन डीएमएलटी (लॅबचा डिप्लोमा) झालेली मुलं हमखास विचारतात. रक्त गोठायला लागणारं फॉस्फोलिपिड प्लेटलेटच्या पृष्ठभागावर मिळतं. शिवाय त्यांच्यात प्लेटलेट फॅक्टर 4 असतो, जो हेपॅरिनला (रक्त गोठू न देणारं औषध) निष्प्रभ करतो. हेपॅरिन चालू असलेल्या पेशंटच्या प्लाझ्मात प्लेटलेट राहिल्या आणि ट्यूब तशीच पडून राहिली, तर एपीटीटी (रक्त गोठायला किती सेकंद लागतात हे मोजणारी टेस्ट) खोटा कमी येतो आणि डॉक्टर डोस वाढवतात. प्लाझ्मा गोठवून ठेवायचा असेल तर आणखी वाईट, कारण वितळताना प्लेटलेट फुटतात आणि ल्युपस अँटिकोॲग्युलंट (गुठळ्या होण्याचा धोका वाढवणारी प्रतिपिंडं) असलेला पेशंट निगेटिव्ह दिसू शकतो. म्हणून सीएलएसआय या लॅबची मानकं ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या मार्गदर्शक सूचनेत मर्यादा दिली आहे: प्लाझ्मात प्लेटलेट दर मायक्रोलिटरला 10,000 पेक्षा कमी हव्यात. त्यासाठी साधारण 1500 जी (गुरुत्वाकर्षणाच्या 1500 पट) इतक्या जोराने 15 मिनिटं फिरवायचं.

हे जी आणि आरपीएमचं (मिनिटाला किती फेऱ्या) प्रकरण अनेक लॅबमध्ये अजून गोंधळाचं आहे. ‘तीन हजारावर फिरव’ हे वाक्य मी नोकरीच्या पहिल्या दिवसापासून ऐकत आले. पण सेंट्रिफ्यूजच्या मध्यापासून ट्यूबच्या तळापर्यंतचं अंतर 10 सेंटिमीटर असेल तर 3000 फेऱ्यांना जेमतेम 1000 जी मिळतात. 1500 जी हवे असतील तर फेरे 3660 च्या घरात न्यावे लागतात. तेच अंतर 16 सेंटिमीटर असेल तर 2900 पुरतात. आमच्या जुन्या टेबलावरच्या सेंट्रिफ्यूजचं अंतर मी एकदा पट्टीने मोजलं आणि हिशेब केला, तेव्हा कळलं की आम्ही कित्येक वर्षं कमी जोराने फिरवत होतो. त्या दिवशी घरी जाताना मला फार वाईट वाटत होतं.

आता मशीन. पहिल्या आठवड्यात इंजिनीअरने सेटिंग करून दिलं, सगळे खूश. मला राहवेना. मी वीस ट्यूबांचा तयार प्लाझ्मा सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशी मोजणाऱ्या, काउंटरवर लावून प्लेटलेट मोजल्या. बहुतेक ठिकाणी 14 ते 18 हजार. म्हणजे मर्यादेच्या वर. शोधल्यावर समजलं की फिरवायची वेळ 10 मिनिटं ठेवली होती, जी सीरमच्या पिवळ्या ट्यूबांसाठी चालते, आणि थांबताना ब्रेक पूर्ण जोराने लागत होता. जोरात ब्रेक लागला की बसलेली साय पुन्हा उसळते. इंजिनीअरचं म्हणणं, ‘मॅडम, हे फॅक्टरी सेटिंग आहे, आमच्याकडून बदलता येत नाही.’ मी आकड्यांचा कागद त्याच्यापुढे ठेवला, आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी कंपनीला ईमेल लिहिली, आणि अडीच आठवड्यांनी 15 मिनिटं आणि सौम्य ब्रेक मिळाला. त्यानंतर दर सोमवारी मी पाच ट्यूबा काउंटरवर लावते. आता 3 ते 5 हजारांच्या पुढे आकडा जात नाही. सोमवार असो की दिवाळीची रात्र, दिवसाची शिफ्ट असो की रात्रीची, आकडा तोच. इतका एकसारखा प्लाझ्मा मी माझ्या हाताने कधी काढलेला नाही, आणि हे मी मनापासून लिहिते. प्लाझ्मा ओढणारी टिप किती खाली न्यायची हे कॅमेरा प्रत्येक ट्यूबची साय कुठे आहे ते बघून ठरवतो, हा या युनिटचा फार चांगला भाग.

पण मला यापेक्षाही मोलाची वाटते ती आणखी एक गोष्ट. हे युनिट कमी भरलेली ट्यूब नाकारतं आणि नाकारताना तिचा फोटो ठेवतं.

2.7 मिलिलिटर रक्ताच्या ट्यूबमध्ये 0.3 मिलिलिटर 3.2 टक्के सायट्रेट असतं, म्हणजे नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट. ट्यूब 90 टक्क्यांच्या खाली भरली की प्रमाण बिघडतं. 1.8 मिलिलिटरच रक्त आलं तर ते सहाला एक होतं. जास्तीचं सायट्रेट टेस्टमध्ये आम्ही घातलेलं कॅल्शियम खाऊन टाकतं आणि रक्त गोठायला वेळ लागल्यासारखं दिसतं. एपीटीटी आधी बिघडतो, मग पीटी (गोठण्याचा वेळ मोजणारी दुसरी टेस्ट). आता समजा पेशंट हृदयाची झडप बदललेली बाई आहे आणि असिट्रॉम (गुठळ्या होऊ नयेत म्हणूनची गोळी) घेते आहे. तिचा आयएनआर (पीटीवरून काढलेला आकडा, ज्यावरून गोळीचा डोस ठरतो) आमच्या रिपोर्टवर खऱ्यापेक्षा जास्त दिसतो. डॉक्टर गोळी कमी करतात. झडपेवर गुठळी झाली तर ती बाई आमच्या ट्यूबमुळे जाते आणि कुणालाही कळत नाही.

हाताने काम करताना आम्हालाही ट्यूब कमी दिसायची. पण फोन केला की पलीकडून ‘ताई, लहान बाळ आहे, परत टोचायचं का?’ किंवा ‘अहो, पेशंट गेला गावाला’, आणि शेवटी मन मऊ व्हायचं. मशीनपुढे कुणी विनवणी करत नाही. ट्यूब बाजूच्या लाल रॅकमध्ये जाते आणि स्क्रीनवर फोटो येतो, त्यावर रेघ: रक्त इथपर्यंत हवं होतं, इथपर्यंतच आहे. तो फोटो आम्ही सेंटरच्या व्हॉट्सॲपवर पाठवतो. वाद तिथेच थांबतो.

दोन महिन्यांचे फोटो जमल्यावर मी ते सेंटरप्रमाणे वेगळे केले. एका सेंटरच्या ट्यूबा सारख्या थोड्याशाच कमी होत्या, जवळजवळ एकाच रेघेवर. हाताची चूक असती तर कधी जास्त, कधी कमी झालं असतं. मी रविवारी स्वतः तिथे जाऊन बसले. रक्त घेणारी मुलगी अगदी नीट काम करणारी होती. ती बटरफ्लाय सेट वापरायची आणि पहिलीच ट्यूब निळी लावायची. त्या सेटच्या बारीक नळीत हवा असते. पहिली ट्यूब लावली की तिचा व्हॅक्यूम आधी ती हवा ओढतो आणि तेवढं रक्त कमी येतं. उपाय साधा: आधी एक फेकायची ट्यूब लावून नळीतली हवा काढायची, मग निळी. तिने दुसऱ्या दिवसापासून सुरू केलं आणि त्या सेंटरचे लाल रॅकमधले फोटो जवळजवळ बंद झाले. बारा-पंधरा वर्षं त्या सेंटरचे रिपोर्ट आम्ही देत होतो.

वेल्लोरच्या सीएमसीकडून (ख्रिश्चन मेडिकल कॉलेज) आमच्याकडे बाहेरच्या गुणवत्ता तपासणीची सँपलं येतात आणि आमचे निकाल तिथे चांगलेच असतात. पण ती सँपलं गोठवून वाळवलेल्या प्लाझ्माची असतात, पाणी घालून विरघळवायची. ट्यूब किती भरली, कशी फिरवली, किती वेळ उन्हात राहिली, यातलं काही तिथे तपासलं जात नाही. सगळ्यात जास्त चुका होतात तो टप्पा परीक्षेच्या बाहेर राहतो. हे फोटो त्या टप्प्याचे आहेत, म्हणून मला ते जपून ठेवावेसे वाटतात.

आता मशीनला न दिसणाऱ्या गोष्टी.

पहिली म्हणजे थंडी. मालेगावची ट्यूब चांदवडच्या घाटातून आमच्याकडे यायला दोन तासांच्या वर जातात. रनर दादा सगळी सँपलं एकाच बॉक्समध्ये बर्फाच्या पॅकवर ठेवायचा, कारण त्याला तसंच शिकवलेलं. पीटीची ट्यूब थंडीत राहिली की फॅक्टर 7 (रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांपैकी एक) आपोआप चेतवला जातो आणि वेळ खोटी कमी येते. व्हॉन विलब्रँड फॅक्टर नावाचं असंच दुसरं प्रथिनही घटतं. मशीनच्या कॅमेऱ्याला ती ट्यूब एकदम छान दिसते. पूर्ण भरलेली, स्वच्छ, हिरवा टिक. आम्ही निळ्या ट्यूबांसाठी बिनबर्फाचा वेगळा डबा दिला आणि दादाला समजावून सांगितलं. तो नीट सांभाळतो.

दुसरी म्हणजे वेळ. पीटीची बंद ट्यूब खोलीच्या तापमानाला 24 तास चालते, एपीटीटीची 4 तास, आणि हेपॅरिनवरच्या पेशंटची तर तासाभरात फिरवायला हवी. युनिट रक्त घेतल्याची वेळ सॉफ्टवेअरमधून उचलतं आणि उशीर झाला तर सूचना देतं. सोय उत्तम आहे. पण सेंटरवर सगळ्या पेशंटची वेळ एकदम ‘सकाळी 8’ टाकली जाते, मग ट्यूब 11 ला का घेतलेली असेना. जे भरलं तेच मशीन खरं मानतं. हेपॅरिनवरचे पेशंट आम्ही आता बाहेरगावाहून घेतच नाही, तिथल्या हॉस्पिटलला जवळच्या लॅबचं नाव सुचवतो.

तिसरी म्हणजे गुठळी. टिपने प्लाझ्मा ओढताना फायब्रिनचा, म्हणजे गुठळीचा, धागा आला तर दाबावरून मशीन थांबतं. लाल पेशींच्या आत दडलेली गुठळी मात्र त्याला समजत नाही. म्हणून पीटी फार वाढला किंवा फायब्रिनोजेन (ज्यापासून गुठळीचे धागे बनतात ते प्रथिन) अगदी कमी आलं की मूळ ट्यूब परत घेऊन लाकडी काडी फिरवून बघायची, हा नियम मी काढू दिला नाही. पावसाळ्यात द्राक्षबागांतून, कांद्याच्या शेतातून घोणस चावलेले पेशंट येतात. त्यांचं फायब्रिनोजेन खरंच संपलेलं असतं. ट्यूबमध्ये गुठळी होऊन संपलेलं फायब्रिनोजेन आणि पेशंटच्या अंगात संपलेलं फायब्रिनोजेन ॲनालायझरवर सारखंच दिसतं, फरक त्या काडीने कळतो. (घोणस चावल्याचा संशय असेल तर गावातल्या दवाखान्यात स्वच्छ कोरड्या काचेच्या ट्यूबमध्ये 2 मिलिलिटर रक्त घेऊन 20 मिनिटं न हलवता ठेवायचं आणि मग तिरकं करून बघायचं. गोठलं नाही तर नाशिकच्या रिपोर्टची वाट बघत बसू नये. यासाठी कुठलंही मशीन लागत नाही.)

आणि चौथी गोष्ट, जिच्यासाठी मला खरं तर हा सगळा लेख लिहायचा होता. मागच्या जूनमध्ये जन्मजात हृदयविकाराचं एक चार वर्षांचं मूल ऑपरेशनआधी तपासणीला होतं. ओठ-नखं निळसर पडणारी मुलं असतात ना, तसं. त्यांच्या रक्तात लाल पेशी फार असतात. या मुलाचा हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला लाल पेशींचा टक्का, 60 होता. ट्यूब रेघेपर्यंत भरलेली. पण 60 टक्के जागा पेशींनीच घेतल्यावर प्लाझ्मा उरतो थोडा, आणि सायट्रेट मात्र नेहमीएवढं. मशीनने ‘प्लाझ्मा कमी’ अशी सूचना देऊन ट्यूब बाजूला ठेवली. रात्रपाळीच्या मुलाने ती नेहमीची अडचण समजून हाताने प्लाझ्मा काढला आणि टेस्ट लावली. एपीटीटी 61 सेकंद. सकाळी रिपोर्ट सोडण्याआधी मी सीबीसी उघडून बघितलं आणि थांबले. हिमॅटोक्रिट 55 च्या वर असेल तर सायट्रेट कमी करावं लागतं. हिशेब असा: 0.00185 गुणिले (100 वजा हिमॅटोक्रिट) गुणिले रक्ताचं माप. इथे 0.00185 × 40 × 2.7, म्हणजे 0.2 मिलिलिटर. एका नव्या ट्यूबमधल्या नेहमीच्या 0.3 पैकी 0.1 आम्ही बारीक सुईने टोपीतून काढून घेतलं, ती ट्यूब वॉर्डात पाठवली आणि पुन्हा रक्त घेतलं. एपीटीटी 36. मुलाचं ऑपरेशन ठरलेल्या दिवशीच झालं.

रात्रपाळीच्या त्या मुलावर मी रागावले नाही. त्याला हे कुणी शिकवलंच नव्हतं, आणि ‘प्लाझ्मा कमी’ या दोन शब्दांतून ते कळणारही नव्हतं. कंपनीला मी लिहून कळवलं की सीबीसीचा हिमॅटोक्रिट त्याच सॉफ्टवेअरमध्ये आहे, 55 च्या वर असेल तर पडद्यावर दाखवा. उत्तर आलेलं नाही. तोपर्यंत आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी लॅबच्या सॉफ्टवेअरवाल्यांकडून तसा लाल शेरा टाकून घेतला.

तातडीच्या सँपलांसाठी या युनिटवर विसंबू नका. एकदा फिरायला लागलं की मध्ये थांबत नाही. कॅज्युअल्टीतून बाळंतपणानंतर रक्तस्राव होणाऱ्या बाईची ट्यूब आली आणि मशीन नुकतंच सुरू झालेलं असेल, तर आधीची पंधरा मिनिटं, मग हिची पंधरा, वर उचलणं-ठेवणं. पस्तीस-चाळीस मिनिटं सहज जातात. आम्ही जुनं छोटं सेंट्रिफ्यूज काढलं नाही. तातडीची ट्यूब तिथे फिरते, आता 3660 फेऱ्यांवर, आणि प्लाझ्मा मी किंवा एखादी सीनियर हाताने काढते. विक्रेत्याने डेमोत ‘स्टॅट लेन’ (तातडीच्या ट्यूबांची रांग) दाखवली होती, ती रांगेत पुढे घेते, चालू असलेली फेरी थांबवत नाही. हे तेव्हाच विचारायला हवं होतं.

खर्चाचं थोडक्यात. आमचा करार रिएजंट रेंटलचा आहे (मशीन विकत न घेता टेस्टची रसायनं त्यांच्याकडून घ्यायची), महिन्याला ठरावीक टेस्ट झाल्याच पाहिजेत. छोट्या ट्यूबा आणि टिपा त्यांच्याच घ्याव्या लागतात आणि त्या महाग आहेत. वीज गेली तर यूपीएसवर चालू फेरी पूर्ण होते, हे दोनदा अनुभवलं. टोपी काढणारा पंजा एकदा निखळला, इंजिनीअर मुंबईहून यायला दोन दिवस लागले, त्या दोन दिवसांत आम्ही सगळं हाताने केलं. म्हणून महिन्यातून एक दिवस मी मुलांना मुद्दाम हाताने प्लाझ्मा काढायला लावते. दिवसाला तीस-चाळीस निळ्या ट्यूबा असतील तर हे युनिट घेऊ नका. त्या पैशांत चांगलं स्विंग-आउट रोटरचं (फिरताना ट्यूब आडवी होते असं) सेंट्रिफ्यूज घ्या आणि सेंटरवरच्या मुलींना नीट शिकवा. शंभराच्या पुढे असाल तर घ्या, मला पुन्हा विचारलं तरी घ्याच म्हणेन.

डेमोला जाताना स्वतःच्या वीस ट्यूबा घेऊन जा, त्यात दोन कमी भरलेल्या, एक लिपेमिक (चरबीमुळे दुधाळ दिसणारी) आणि एक जास्त हिमॅटोक्रिटची असू द्या. तयार झालेला प्लाझ्मा तिथेच सीबीसीवर लावायला सांगा. ब्रेकचं सेटिंग कोण बदलू शकतं ते लेखी घ्या. आणि दोनदा फिरवता येतं का ते विचारा. ल्युपस अँटिकोॲग्युलंटसाठी प्लाझ्मा दोन वेळा फिरवावा लागतो, आणि त्या टेस्टचं रिएजंट घोणसीच्याच विषापासून बनतं, हे ऐकून आमच्या नव्या मुलांचे डोळे मोठे होतात. आमचं युनिट एकदाच फिरवतं. पुढच्या सॉफ्टवेअरमध्ये सोय येईल असं कंपनीने कळवलं आहे. सध्या त्या ट्यूबा मी दुपारी दोननंतर, बेंच जरा मोकळा झाला की, हातानेच करते.